मुंगसाच्या तोंडावरचे रक्त
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आजचा विषय ऐकायला थोडा पोरकट वाटेल. लहान मुलांच्या रहस्यकथा, आणि त्यातही अशा, की ज्यांत गुप्तहेर माणूस नसून प्राणी असतो. कुठे एखादा उंदीर भिंग घेऊन चोराचा माग काढतो, कुठे एखादे डुक्कर निरपराध मांजराची बाजू लढवते. दुपारच्या वेळी मुले गप्प बसावीत म्हणून सांगायच्या या गोष्टी. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणि शेजारच्या धुळ्यात गेल्या काही वर्षांत जे घडले ते आठवले, की मला वाटते, या गोष्टींकडे मोठ्यांनीही जरा बसून पाहिले पाहिजे.

आधी रहस्यकथा म्हणजे काय ते पाहू. काही तरी घडून गेलेले असते. कुणी केले ते ठाऊक नसते. मागे खुणा राहिलेल्या असतात. त्या खुणा वाचत, एकेक शक्यता खोडत जो खऱ्यापर्यंत पोचतो, तो गुप्तहेर. इंग्रजीतल्या या कथेचा आरंभ साधारणपणे १८४१ सालापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या एडगर अॅलन पो याने पॅरिसमधल्या दोन खुनांची कथा लिहिली. गंमत अशी, की त्या पहिल्याच कथेतला खुनी निघतो एक ओरांगउटान वानर. म्हणजे तिकडे प्राणी आधी आरोपी म्हणून आला आणि गुप्तहेर म्हणून नंतर. आपल्याकडे मात्र प्राणी हे तपासाचे काम फार पूर्वीपासून करीत आले आहेत.

पंचतंत्रातला खेकडा आठवा. तळे आटणार अशी आवई बगळ्याने उठवली आणि ‘तुम्हाला दुसऱ्या तळ्यात सोडतो’ असे सांगून एकेक मासा उचलून नेऊ लागला. खेकड्याची पाळी आली. बगळ्याच्या मानेला धरून जाताना त्याने खाली पाहिले. तळे कुठेच दिसेना, खडकावर माशांच्या काट्यांचा ढीग तेवढा दिसला. बगळा काय सांगतो आणि खडकावर काय पडले आहे, हे त्याने ताडून पाहिले आणि नांगीने मान आवळली. माशांना कान होते, खेकड्याने डोळे वापरले.

दुसरा आपला कोल्हा. तो आपल्या गुहेशी आला तर दारात सिंहाची पावले. आत गेलेली होती, बाहेर आलेली नव्हती. एखादा घाबरून तिथूनच पळाला असता. कोल्हा थांबला आणि त्याने गुहेलाच हाक मारली, ‘अगं गुहे, मी आलो की तू रोज ओ देतेस. आज गप्प का?’ आतल्या सिंहाला वाटले, गुहा खरोखरच ओ देत असेल. त्याने गर्जना केली आणि कोल्ह्याला उत्तर मिळाले. पावलांवरून त्याने अंदाज बांधला होता. पण तेवढ्यावर न थांबता त्याने तो अंदाज तपासून पाहिला. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो?

अशीच गोष्ट इसापाचीही आहे. तिच्यात आजारी सिंहाच्या गुहेत गेलेल्या प्राण्यांची पावले कोल्हा वाचतो. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी पहिल्या दिवसांपासून हे प्राणी आपल्या मुलांच्या सोबतीला आहेत.

पावले वाचण्याची ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. जुन्या खानदेशात गावची राखण करणारे भिल्ल जागले चोराचा माग काढण्यात तरबेज मानले जात. आजही तळोदा-शहादा भागात उसाच्या शेतात बिबट्या आल्याची बातमी उठते तेव्हा जाणता माणूस आधी ओल्या मातीत ठसा शोधतो. बिबट्या मांजराच्या कुळातला. चालताना तो नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. शेळी गेली की सारा गाव ‘बिबट्या, बिबट्या’ म्हणून ओरडतो. पण ठसा नखांचा असेल, तर शेळी कुणी नेली हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. एवढ्याशा खुणेवर अख्ख्या गावाचे मत बदलावे लागते. मुलांना हे एकदा दाखवून पाहा, त्यांचे डोळे कसे चमकतात!

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव आहे ‘अपरीक्षितकारक’. न तपासता केलेले काम, असा त्याचा सरळ अर्थ. त्यातली मुंगसाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आई पाण्याला गेली. घरात पाळण्यात बाळ आणि राखणीला पाळलेले मुंगूस. साप आला. मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि ते कौतुकाने आईला सामोरे धावले. आईने त्याच्या तोंडावरचे रक्त पाहिले. याने माझे बाळ खाल्ले, असे तिला वाटले आणि डोईवरची घागर तिने त्याच्यावर घातली. मग ती आत गेली.

ही गोष्ट आपण मुलांना ‘घाई करू नये’ या बोधासाठी सांगतो. पण रहस्यकथा म्हणून तिच्याकडे पाहिले तर तिच्यात फार मोठी गोष्ट दडली आहे. त्या आईकडे खूण होती. रक्त खोटे नव्हते. तिने रचलेली कहाणी खोटी होती. रक्त एवढेच सांगत होते, की या मुंगसाने कुणाला तरी चावा घेतला आहे. कुणाला, हे ते सांगत नव्हते. त्यासाठी उंबरा ओलांडून पाळण्यात डोकावायला हवे होते. दहा पावलांचे काम! खूण आणि पुरावा यांच्यातले अंतर एवढेच असते, आणि तेवढ्या अंतरात जीव जातो.

याला पंचतंत्राच्याच प्रवासातली एक जोड आहे. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या दरबारातल्या बुर्झोय नावाच्या हकिमाने या गोष्टी पहलवी भाषेत नेल्या. पुढे आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या. तोच ‘कलीला व दिम्ना’ हा ग्रंथ. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपलेच करटक आणि दमनक, मित्रभेदातले दोन कोल्हे. मूळ कथेत दमनक सिंहाचे कान भरतो, सिंह आपल्या मित्राला, त्या बिचाऱ्या बैलाला ठार करतो, आणि दमनक मजेत मंत्रिपद भोगत राहतो. अरबी पुस्तकात मात्र पुढे एक अख्खे प्रकरण आहे. त्यात दिम्नाची चौकशी होते.

ते प्रकरण म्हणजे प्राण्यांचे कोर्टच. दोघा कोल्ह्यांचे रात्रीचे बोलणे चित्त्याच्या जातीच्या एका जनावराने ऐकलेले असते. सिंहाची आई त्या बातमीचा पाठपुरावा करते. दिम्नाला पकडून दरबारात उभे करतात. तिथे डुकरांचा प्रमुख उठतो आणि म्हणतो, याचे डोळे पाहा, याचे नाक पाहा, चेहऱ्यावरूनच हा गुन्हेगार कळतो. दिम्ना हे म्हणणे तिथल्या तिथे उडवून लावतो. चेहऱ्यावरच्या खुणांनीच माणूस भला-बुरा ठरत असेल, तर चौकशी हवीच कशाला? लक्षात घ्या, दिम्ना खरोखरच गुन्हेगार आहे. तरीही त्याला शिक्षा होते ती चेहऱ्यावरून होत नाही. तुरुंगात त्याचे बोलणे ऐकलेला दुसरा साक्षीदार पुढे येतो, दोन साक्षी जुळतात, तेव्हाच निकाल लागतो. बैलाला न विचारता मारणारा सिंह इथे एका कोल्ह्यासाठी दोन साक्षीदारांची वाट पाहतो. तो सिंह काही शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या घरात लहानपणी हजरत सुलेमानच्या हुदहुदची गोष्ट सांगत. डोक्यावर तुरा असलेला, माळावर चोच खुपसत हिंडणारा हा पक्षी आपल्याकडेही दिसतो. तो सबा देशाच्या राणीची बातमी घेऊन येतो. सुलेमान त्याचे ऐकून घेतात, पण लगेच खरे मानत नाहीत. तू खरे बोलतोस की खोटे ते आम्ही पाहू, असे म्हणून त्याच्याजवळ पत्र देतात आणि त्याला परत पाठवतात. बातमी आणणारा आपला लाडका पक्षी असला, तरी बातमी तपासायचीच.

आता कुणी विचारील, हे सगळे माणसांच्या गोष्टीतून का सांगू नये? मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच की. बनेश फेणे, गाव फुरसुंगी. कितीतरी पिढ्यांनी त्याच्याबरोबर सायकल पिटाळली, आणि २०१७ साली तो पडद्यावरही आला. तो मलाही प्रिय आहे. पण प्राण्यांच्या गोष्टीची एक सोय आहे. प्राण्याला आडनाव नसते. ‘ससा’ म्हटले की तो कुठल्या आळीतला, कुठल्या पाड्यावरचा, कुठल्या जातीचा, हा प्रश्न मुलाच्या मनात येत नाही. संशय, आळ, साक्ष, सुटका या अवघड गोष्टी ते कुणाही शेजाऱ्याकडे बोट न दाखवता शिकू शकते.

मात्र या सोयीत एक खोडही आहे. आडनाव नसले तरी आपण प्राण्यांना शिक्के मारून ठेवले आहेत. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, घुबड अशुभ, साप दगाबाज. गोष्ट सुरू होण्याआधीच निकाल तयार! हा खेळ माणसांतही खेळला गेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला, पण पारध्यांसारख्या समाजांवरचा शिक्का पुसायला कायद्याचे कागद पुरले नाहीत. काही वाईट घडले की पहिली नजर कुणाकडे वळते, हे ज्यांच्याकडे ती वळते त्यांना शिकवावे लागत नाही.

चांगली प्राणी-रहस्यकथा नेमका हा शिक्का खरवडते. अमेरिकेत वॉल्टर ब्रुक्स या लेखकाने १९३२ साली फ्रेडी नावाच्या डुकराला गुप्तहेर केले. शेरलॉक होम्स वाचून हा फ्रेडी तपासाला लागतो. उंदीर कट करून जिंक्स नावाच्या मांजरावर कावळा मारल्याचा आळ घालतात, आणि मांजराला सोडवण्यासाठी फ्रेडी झटतो. म्हणजे ज्याच्यावर शंभरातले नव्व्याण्णव जण सहज संशय घेतील तेच निर्दोष. १९५८ साली ईव्ह टायटस हिने बेसिल नावाचा उंदीर होम्सच्याच घराच्या तळघरात राहायला आणला. १९७९ सालच्या ‘बनिक्युला’ या पुस्तकात तर घरातले मांजर नव्या सशाला रक्तपिपासू पिशाच्च समजते. कारण काय, तर तो घरी आल्यापासून भाज्या पांढऱ्या फटक पडू लागल्या! हुशार मांजर पुस्तके वाचून वाचून गरीब सशाच्या कसे मागे लागते, हे वाचताना मुले पोट धरून हसतात. नवीन आलेला म्हणजे संशयित, हा आपला स्वभाव त्या हसण्यात उघडा पडतो. आणि टीव्हीवरचा स्कूबी-डू तर घरोघरी ठाऊक आहे. १९६९ साली सुरू झालेल्या त्या मूळ मालिकेत दर वेळी भूत पकडले जाते आणि मुखवटा ओढला की खाली लोभी माणूस निघतो.

सुरुवातीला सांगितलेल्या पोच्या कथेतही हेच आहे. खुनाच्या खोलीतून आलेला कर्कश आवाज अनेकांनी ऐकलेला असतो. साक्षीदार वेगवेगळ्या देशांचे. प्रत्येक जण ठामपणे सांगतो, तो आवाज परक्या भाषेतला होता, आणि ज्या भाषेचे नाव घेतो ती त्याला स्वतःला येत नसते! आवाज असतो वानराचा. अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजराती, उर्दू अशा अनेक बोली ज्या जिल्ह्यात एकाच बाजारात ऐकू येतात, तिथल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

आता थोडे खऱ्या प्राणी-गुप्तहेरांविषयी. पोलिसांच्या श्वानपथकातले कुत्रे आपण पाहतो. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्रडॉर कुत्र्याने १९९३ च्या स्फोटांच्या काळात ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. असे हे गुणी नाक. तरीही त्याला मर्यादा आहेत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली या पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, त्याच्या वतीने त्याचा सांभाळणारा बोलतो. आणि माणसाचे आयुष्य किंवा स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर सोपवावे हे मनाला पटत नाही. न्यायालयाने त्या खटल्यात श्वानाच्या मागाला फारसे वजन दिले नाही. कुत्रा दार दाखवतो, दाराच्या आत जाऊन पाहणे माणसाकडेच राहते.

आणि माणूस पाहत नाही तेव्हा काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. मुंगसाच्या तोंडावर निदान रक्त तरी होते. या पाच जणांजवळ तेवढीही खूण नव्हती. ते परके होते, एवढेच.

आपल्या डोंगरी भागातली डाकीण ठरवण्याची चालही याच जातीची. घरात मूल आजारी पडते, गुरे मरतात. कारण कळत नाही. मग बोट एखाद्या बाईकडे वळते, बहुधा एकटीकडे, विधवेकडे, जिच्या नावावर थोडी जमीन आहे तिच्याकडे. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते इथे येऊन गावकऱ्यांशी बोलले. कायदा हवाच. पण कायदा येतो तो घागर पडल्यानंतर. घागर उचललेला हात थांबवायचा, तर त्याची सवय सातव्या-आठव्या वर्षी लागावी लागते. शिकल्यासवरल्या शहरी माणसाने इथे पाड्यावरच्या लोकांना नावे ठेवू नयेत. राईनपाड्याला पोचलेली अफवा ज्या मोबाइलवरून निघाली, तसलाच मोबाइल आपल्या खिशात आहे, आणि आलेला मजकूर पुढे ढकलताना आपणही पाळण्यात डोकावत नाही.

म्हणून मला वाटते, आपल्या मुलांसाठी आपल्या मुलखातल्या प्राण्यांच्या रहस्यकथा हव्यात. लंडनचा उंदीर चांगलाच आहे, पण मुंगूस, तरस, टिटवी, घुबड, रानमांजर आपल्या दारात आहेत. समजा, एका पाड्यावर कोंबड्या नाहीशा होऊ लागल्या. सगळे म्हणतात, घुबडाचेच काम. ते रात्री जागते आणि दिसायलाही वाईट. मुंगूस तपासाला निघते. खुराड्याजवळ पिसे नाहीत, रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही. घुबडाच्या झाडाखाली हाडे सापडतात, पण ती उंदरांची. खुराड्याची खालची फळी मात्र कुजलेली आहे. माग काढत मुंगूस शेजारच्या कडब्याच्या गंजीत शिरते, तर तिथे कोंबड्या खुशाल अंडी उबवीत बसलेल्या! चोरी झालीच नव्हती. आणि इतके दिवस धान्याचे उंदीर मारून गावाची राखण कोण करीत होते? तेच घुबड.

अशी गोष्ट सांगताना चार पथ्ये पाळावीत. खूण मुलालाही दिसू द्यावी, शेवटी टोपीतून ससा काढल्यासारखे उत्तर काढू नये. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलू द्यावे. गुप्तहेराने ऐकीव गोष्टीवर न थांबता जागेवर जाऊन पाहावे. आणि चौथे पथ्य, जे बहुतेक गोष्टी विसरतात. निर्दोष सुटलेल्याची सर्वांनी माफी मागावी. आळ खोटा निघाला म्हणून घुबडाची रात्र परत येत नाही. गावाने झाडाखाली येऊन ‘चुकलो’ म्हणायला हवे. गोष्टीत हे एकदा ऐकलेल्या मुलाला पुढे माफी मागणे कमीपणाचे वाटणार नाही.

आणि नवी गोष्ट सुचेपर्यंत जुनी आहेच. आज रात्री घरातल्या मुलांना मुंगसाची गोष्ट सांगा. फक्त, आईने घागर उचलली की तिथे थांबा आणि मुलांना विचारा, आता हिने काय करावे? कुणी म्हणेल, घागर खाली ठेवावी. कुणी म्हणेल, बाळाला हाक मारावी. कुणी म्हणेल, आत जाऊन बघावे. त्यांना भांडू द्या, बोलू द्या. गोष्टीचा शेवट उद्या सांगितला तरी चालेल.